पाळी बदलताना रुग्ण कसा सोपवावा : सीमाभागातील परिचारिका आणि वॉर्ड इन्चार्ज यांच्यासाठी

खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याला उसात पाणी धरताना साप चावला आणि त्याला बेळगावातील ज्या लहान खासगी रुग्णालयात आणले गेले, तेथे मी त्या काळी स्टाफ नर्स होते. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठत नसल्याचे दिसल्यावर त्याला प्रतिविष दिले गेले आणि ते सकाळी साडेनऊला संपले. रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला साधारण सहा तास लागतात, म्हणून तीच चाचणी सहा तासांनी, म्हणजे दुपारी साडेतीनला, पुन्हा करायची होती. दोन वाजता ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीतील सिस्टरकडे रुग्ण सोपवताना, मी एवढेच म्हणाले, ‘‘सहा तासांनी टेस्ट आहे.’’ ओव्हर घेणाऱ्या सिस्टरची मातृभाषा कन्नड होती. तिने वहीत ‘६ – टेस्ट’ असे लिहून घेतले आणि चाचणी संध्याकाळी सहाला केली. रक्त तेव्हाही पातळच होते आणि तोवर हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. तो माणूस वाचला, पण प्रतिविषाचा पुढचा डोस अडीच तास उशिरा सुरू झाला, आणि त्याचे कारण तिचे कन्नड नसून माझे ते अर्धवट वाक्य होते.

पुढे अनेक वर्षे वॉर्ड इन्चार्ज म्हणून काम करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसले. रुग्णाचे नाव, निदान, ऑपरेशनचा प्रकार हे सारे केस शीटवर लिहिलेलेच असते आणि ते सहसा हरवत नाही. पाळी बदलताना हरवते ते अर्धे राहिलेले काम : पाठवलेला पण न आलेला रिपोर्ट, सुरू केलेली पण न संपलेली बाटली, डॉक्टरांनी राउंडला तोंडी सांगितलेली आणि कागदावर न उतरलेली सूचना. म्हणून पुढे जी पद्धत सांगत आहे तिचा कणा ‘बाकी काय आहे आणि ते किती वाजता करायचे आहे’ हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे उपाय सुचवले, त्यांतही पाळी बदलतानाची ठरावीक पद्धत, प्रश्न विचारायला राखून ठेवलेला वेळ आणि त्या वेळात कमीत कमी व्यत्यय यांवर भर दिला आहे.

ओव्हर देण्याआधीचा अर्धा तास

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठला पाळी बदलते. तयारी मात्र दोन वाजता सुरू करायची नसते, ती दीड वाजता सुरू करायची असते. त्या वेळी हातातले नवे काम शक्य तेवढे थांबवून आपल्या वाट्याच्या प्रत्येक रुग्णाकडे एक फेरी मारावी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट आणि इनटेक-आउटपुट (पोटात व शिरेतून गेलेले आणि बाहेर पडलेले पाणी) चार्ट पूर्ण करावा, युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी रिकामी करून मोजमाप लिहावे आणि संपत आलेली सलाईनची बाटली बदलून तिच्यावर सुरू केल्याची वेळ टाकावी. दिलेले प्रत्येक औषध औषधपत्रकावर सहीसह उतरले आहे का, हे याच वेळी तपासावे; कारण सही राहिलेला डोस दिसला की पुढच्या पाळीतील परिचारिका तो दिलाच नाही असे समजून पुन्हा देण्याची भीती असते, आणि डोस दोनदा जाणे हे डोस चुकण्यापेक्षा कितीतरी वेळा अधिक घातक ठरते.

यानंतर एका कोऱ्या कागदावर फक्त बाकी कामे लिहावीत. बेड क्रमांक, काम आणि घड्याळाची वेळ, एवढेच. पंचवीस रुग्णांच्या वॉर्डात हा कागद बारा-पंधरा ओळींपेक्षा मोठा होत नाही, आणि तोच ओव्हरचा खरा आधार असतो.

येणाऱ्या परिचारिकेने दहा मिनिटे आधी यावे ही अपेक्षा रास्त आहे, पण नंदगड किंवा निपाणीहून बसने येणारीला जुलैच्या पावसात ते प्रत्येक वेळी जमेलच असे नाही. म्हणून इन्चार्जने ड्यूटीपत्रक लावतानाच दोन पाळ्यांमध्ये निदान पंधरा मिनिटांची सरमिसळ धरावी आणि एखादी उशिरा आली तर तिचे रुग्ण तोवर कोणाच्या नावावर राहतील हे आधीच ठरवून ठेवावे. ओव्हर न देता वॉर्ड सोडायचा नाही, हा नियम याला जोडूनच येतो. मात्र दमलेल्या परिचारिकेला रोज तासभर थांबायला लावणारा नियम कोणी पाळत नाही, हेही प्रशासनाने लक्षात घ्यावे.

कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत

बेड एकपासून सुरुवात करून शेवटच्या बेडपर्यंत सरळ जाण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती सोडायला हवी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा असला, तरी प्रत्यक्षात रात्री एका परिचारिकेकडे वीस-पंचवीस रुग्ण असतात हे आपण सारे जाणतो. अशा वेळी बाविसाव्या बेडवरच्या गंभीर रुग्णाचा नंबर येईपर्यंत दोघींचेही लक्ष थकलेले असते. म्हणून आधी गंभीर रुग्ण, मग त्या दिवशीचे ऑपरेशनचे आणि नव्याने दाखल झालेले, आणि शेवटी स्थिर रुग्ण असा क्रम ठेवावा. गंभीर रुग्णाला चार-पाच मिनिटे द्यावीत आणि स्थिर रुग्णाला एक मिनिट पुरे मानावे.

प्रत्येक रुग्णाबद्दल बोलताना चार गोष्टी एकामागून एक याव्यात : आत्ताची परिस्थिती, त्यामागची पार्श्वभूमी, मी स्वतः काय पाहिले आणि पुढे काय करायचे आहे. ही चौकट अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली आणि तेथे ती ‘एसबार’ (या चार भागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे) या नावाने रुळली. आपल्याकडे पहिल्या दोन भागांवरच सगळा वेळ जातो आणि तिसरा-चौथा भाग ‘बाकी ठीक आहे’ या तीन शब्दांत उरकला जातो. ‘ठीक आहे’ हे शब्द ओव्हरमधून पूर्णपणे काढून टाकावेत, असे माझे ठाम मत आहे. नाडी किती, श्वास किती, रक्तदाब किती, सकाळच्या तुलनेत वाढले की उतरले, हे आकड्यांत सांगावे. एका मिनिटाला १८ असलेला श्वास दोन तासांत २६ झाला असेल, तर रक्तदाब कितीही चांगला असला तरी तो रुग्ण ठीक नसतो.

एक नमुना देते. दुपारी दोनचा ओव्हर आहे, देणारी वयाने लहान आहे.

‘‘अक्का, बेड सात, केस नंबरचे शेवटचे आकडे चार-एक-नऊ. हर्नियाचं ऑपरेशन सकाळी साडेदहाला स्पायनलखाली झालं. आता पाय हलवतायत, बीपी एकशेतीस-ऐंशी, पल्स ब्याऐंशी, ड्रेसिंग कोरडं आहे. ऑपरेशननंतर लघवी मात्र झालेली नाही. चार तीसपर्यंत झाली नाही तर ओटीपोट हाताने बघा आणि ड्यूटी डॉक्टरांना कळवा, त्यांना मी सांगून ठेवलंय.’’

‘‘ऑपरेशननंतर लघवी नाही. चार तीसला मी बघणार, झाली नसेल तर ड्यूटी डॉक्टरांना कळवणार. आणि तोंडाने काही सुरू केलंय का गं?’’

‘‘हो, ते राहिलंच अक्का. एक वाजता पाणी सुरू केलं, दोनदा प्यायले, उलटी नाही.’’

‘‘पाणी एकला सुरू, उलटी नाही. घेतला.’’

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. घेणाऱ्या सिस्टरने ऐकलेले स्वतःच्या तोंडाने परत सांगितले, आणि परत सांगता सांगता तिला जो प्रश्न सुचला त्यातून राहिलेली माहिती बाहेर आली. परत सांगणे म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास, असा गैरसमज वयाने मोठ्या सिस्टरांमध्ये विशेष दिसतो. तो इन्चार्जनेच स्वतः परत सांगून मोडायचा असतो.

दोन-तीन भाषांचा वॉर्ड

आपल्या भागातील वॉर्डात एक सिस्टर मराठी, दुसरी कन्नड, तिसरी मल्याळी असते, डॉक्टर हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात आणि रुग्ण चंदगड किंवा दोडामार्गहून आलेला असतो. ही आपली रोजची स्थिती आहे आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही; तिचे नियम मात्र ठरवायला हवेत.

सर्वात मोठा धोका आकड्यांचा असतो. कन्नडमध्ये वीस म्हणजे ‘इप्पत्तु’ आणि सत्तर म्हणजे ‘एप्पत्तु’. पंख्याच्या आवाजात आणि नातेवाइकांच्या गलबल्यात हे दोन शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. तासाला २० मिलिलिटर लघवी झालेला रुग्ण आणि ७० मिलिलिटर झालेला रुग्ण यांच्यात मूत्रपिंड धोक्यात असण्याचा आणि नसण्याचा फरक आहे. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी यांची तीच गत. आपल्या दीड, अडीच, पावणेदोन या शब्दांना मल्याळी सिस्टरकडे तर अर्थच नसतो. यावर उपाय एकच : महत्त्वाचा आकडा सुटा सुटा करून सांगावा आणि बोटाने कागदावर दाखवावा. ‘दोन-शून्य, वीस’. ‘एक पॉइंट पाच’. वेळही ‘अजून इतक्या तासांनी’ अशी न सांगता घड्याळाची सांगावी, आणि लिहिताना चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी, म्हणजे दुपारचे दोन आणि पहाटेचे दोन यांत घोळ होत नाही. माझ्या त्या सर्पदंशाच्या रुग्णासाठी ‘१५:३०’ एवढे लिहिले असते तरी पुरले असते.

वॉर्डातील कागदावर आकडे एकाच लिपीचे असावेत. देवनागरी ‘१’ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि कन्नड आकडे आपल्यापैकी अनेकींना वाचता येत नाहीत. रुग्णालयाचे बाकी कागद इंग्रजी आकड्यांत असल्याने ओव्हरच्या वहीतही तेच वापरावेत. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न येथे आणू नये.

तक्रारीचे शब्द मात्र रुग्णाच्याच तोंडचे लिहावेत. मराठी रुग्ण ‘दम लागतोय’ म्हणतो तेव्हा त्याला आत्ता श्वास पुरत नसतो. कन्नडमध्ये ‘दम्मु’ हा शब्द दम्याच्या आजारासाठीही वापरला जातो, त्यामुळे ऐकणारी ‘जुना दमा’ असे लिहून मोकळी होऊ शकते. मराठी सिस्टरने ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखणे, ‘तले सुत्तु’ म्हणजे चक्कर, असे दहा-वीस कन्नड शब्द शिकून घ्यावेत आणि कन्नड सिस्टरला आपले शिकवावेत. पाळ्या लावताना इन्चार्जने प्रत्येक पाळीत दोन्ही भाषा येणारी निदान एक परिचारिका राहील असे पाहावे.

बेडजवळ उभे राहून

नर्सिंग स्टेशनवर बसून वही वाचून दिलेला ओव्हर हा अर्धाच ओव्हर असतो. दोघींनी बेडजवळ जावे, देणारीने येणारीची रुग्णाला ओळख करून द्यावी आणि रुग्णाची खात्री नाव व नोंदणी क्रमांक या दोन खुणांनी करावी. बेड क्रमांक ही ओळख नव्हे, कारण रुग्ण हलवले जातात. आपल्या भागात एका वॉर्डात पाटील आडनावाचे तीन रुग्ण असणे नवलाचे नाही, त्यामुळे सारख्या नावांचे रुग्ण वहीत ठळक खुणेने दाखवावेत आणि शक्यतो शेजारी ठेवू नयेत.

मग डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. रुग्ण जागा आहे का, नीट उत्तर देतो का; ऑक्सिजन किती लिटरवर आहे आणि नळी खरोखर जोडलेली आहे का; कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाईनची बारीक नळी) कोणत्या हाताला, कोणत्या तारखेची आहे, भोवती सूज किंवा लाली आहे का; बाटलीत किती शिल्लक आहे आणि थेंबांचा वेग सांगितला तेवढाच आहे का; ड्रेनमध्ये (जखमेतील स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) काय आणि किती आले; कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगली आहे का; पाठ आणि टाचा लाल झाल्या आहेत का. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणून शेवटची कूस कोणती आणि किती वाजता दिली हेही सांगावे. पाठीवरचा व्रण कोणत्या पाळीत झाला यावरून होणारे वाद मी पुष्कळ पाहिले आहेत. दोघींनी मिळून पाठ पाहिली आणि लिहिली की त्या वादाला जागा राहत नाही.

सगळ्याच गोष्टी रुग्णासमोर बोलायच्या नसतात. एचआयव्हीची स्थिती, नातेवाइकांपासून लपवलेले गरोदरपण, अजून न सांगितलेले कर्करोगाचे निदान या बाबी ड्यूटी रूममध्ये, दार लावून सांगाव्यात. एचआयव्हीबाबतची गुप्तता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

जेथे घाई मुळीच चालत नाही

झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट सुरू असेल आणि ते स्नायूत देण्याच्या पद्धतीने चालू असेल, तर दर चार तासांनी ५ ग्रॅमचे इंजेक्शन आलटून पालटून एकेका कुल्ल्यात द्यायचे असते. म्हणून मागचा डोस किती वाजता आणि उजव्या की डाव्या बाजूला दिला, हे सांगितल्याशिवाय तो ओव्हर पूर्ण झाला असे मानू नये. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा अधिक आहेत आणि लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर होते आहे, या तिन्ही गोष्टी दोघींनी मिळून पाहाव्यात, आणि उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट बेडजवळच्या ट्रेमध्ये आहे हे डोळ्यांनी बघावे.

इन्शुलिनबाबत आपल्याकडे वेगळाच धोका आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर पेनमधले इन्शुलिन १०० युनिटचे असते, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे झाकण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. ओव्हरमध्ये इन्शुलिनचे नाव, कुपीची ताकद, डोस, शेवटची साखर आणि रुग्ण जेवला की नाही, हे पाचही यावे. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण आकड्यापुढे घाईत काढलेले इंग्रजी ‘यू’ अक्षर शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात.

रक्त चालू असताना पाळी बदलली, तर पिशवीवरील क्रमांक, रक्तगट आणि रुग्णाची ओळख दोघींनी पुन्हा ताडून पाहावी. पिशवी कधी लावली ते लिहावे, कारण ती चार तासांच्या आत संपायला हवी. आणि ओव्हरच्या तोंडावर नवी पिशवी लावूच नये. पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळ कोणीतरी थांबणे आवश्यक असते आणि नेमकी तीच पंधरा मिनिटे ओव्हरमध्ये जातात.

मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांची मोजणी, चावी, आणि इमर्जन्सी ट्रॉलीतील अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा, सक्शन व ऑक्सिजन सिलिंडरचा दाब, हे रुग्णांचा ओव्हर झाल्यावर दोघींनी पाहून रजिस्टरवर सह्या कराव्यात. मोजणी न करता केलेली सही पुढे आपल्याच गळ्यात येते, एवढेच येथे सांगते.

इन्चार्जने आणि पर्यवेक्षिकेने काय करावे

पाळी बदलण्याच्या त्या अर्ध्या तासात इन्चार्जने कार्यालयात बसून इंडेंट (सामानाचे मागणीपत्रक) लिहू नये. तिची जागा वॉर्डात आहे. तिने फोन स्वतः घ्यावेत, नातेवाइकांना थोडे थांबायला सांगावे, मावशी आणि मामांना (वॉर्डातील मदतनिसांना) बेल वाजवणाऱ्या रुग्णांकडे पाठवावे, जेणेकरून ओव्हर देणाऱ्या दोघींना मध्येच कोणी हाक मारणार नाही. अर्थात एखाद्या रुग्णाची प्रकृती बिघडली तर ओव्हर थांबवून दोघींनीही तिकडे जावे, आणि तो रुग्ण सावरेपर्यंत जाणारी परिचारिका जबाबदार राहील हे आधीच ठरलेले असावे.

रोज सगळे ओव्हर ऐकणे शक्य नसते. प्रत्येक पाळीत कोणतेही तीन बेड निवडून तेथे शांतपणे उभे राहावे आणि चारच गोष्टी पाहाव्यात : ओळख दोन खुणांनी पटवली का, बाकी कामांना घड्याळाची वेळ जोडली का, घेणारीने परत सांगितले का, दोघींनी रुग्णाच्या अंगावरच्या नळ्या पाहिल्या का. चूक दिसली तर रुग्णासमोर किंवा कनिष्ठांसमोर बोलू नये. ओव्हर संपल्यावर बाजूला घेऊन सांगावे. तासाभराने येणाऱ्या परिचारिकेला एखाद्या रुग्णाबद्दल सहज विचारावे, ‘‘बेड सातला आज तुम्ही काय बघणार आहात?’’ उत्तर वही न उघडता आले, तर तो ओव्हर पोहोचला असे समजावे.

रात्रीच्या पर्यवेक्षिकेने आठच्या ओव्हरनंतर लगेच प्रत्येक वॉर्डाला भेट देऊन फक्त गंभीर रुग्णांची नावे आणि त्यांच्या पुढच्या तपासणीच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि पुढच्या फेऱ्या त्या वेळांप्रमाणे लावाव्यात. ठरलेल्या दोन वेळा सर्व वॉर्ड फिरून सही करण्यापेक्षा रात्री अडीचला एखाद्या ठरावीक बेडपाशी पोहोचणे कितीतरी उपयोगाचे असते.

अशा पद्धतीने खरोखर फरक पडतो का, असे प्रशासन विचारते. अमेरिका आणि कॅनडातील ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना ठरावीक पद्धतीने ओव्हर द्यायला शिकवल्यावर चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तो अभ्यास डॉक्टरांचा होता आणि तेथील मनुष्यबळ वेगळे आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे. पण ठरावीक क्रम आणि परत सांगणे यांना नवे यंत्र किंवा नवा खर्च लागत नाही, हेही त्याच दमात सांगावे. सुरुवात एकाच वॉर्डात, एकाच पाळीपासून करावी. मी दुपारी दोनच्या ओव्हरपासून केली होती, कारण त्या वेळी इन्चार्ज, डॉक्टर आणि दोन्ही पाळ्या वॉर्डात एकत्र मिळतात.

शेवटची बाब घरी गेल्यानंतरची आहे. बसमध्ये बसल्यावर किंवा रात्री जेवताना एखादी गोष्ट सांगायची राहिल्याचे आठवले, तर लगेच वॉर्डात फोन करावा, कितीही किरकोळ वाटली तरी करावा. फोन घेणारीने ती गोष्ट परत सांगून खात्री करावी, फोन आल्याची वेळ टाकून वहीत लिहावी आणि त्याच क्षणी त्या रुग्णाकडे जावे. असा फोन करणारीला दुसऱ्या दिवशी इन्चार्जने जाब विचारू नये. वॉर्डातल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला ‘बरं केलंस’ म्हणावे.